आशाताईची टेप आणि चौदा हजारांचं पेन

आशाताई, म्हणजे गावची ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती, दारात आली की आधी चहा होतो, मग फॉर्म निघतो. त्याचं नाव ‘सीबॅक’, साखर-बीपीसारख्या आजारांचा धोका जोखणारा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. वय किती, तंबाखू किंवा मिसरी आहे का, दारू रोज होते का, आठवड्याला अडीच तास तरी अंगमेहनत होते का, घरात कुणाला साखर, बीपी, हृदयविकार आहे का, असे प्रश्न असतात. मग ती पिशवीतून टेप काढते आणि कंबर मोजते. साडीच्या निऱ्यांवरून टेप धरली तर आकडा उगीच वाढतो, म्हणून जरा बाजूला व्हावं लागतं, दार लोटावं लागतं. आजूबाजूची पोरं हसतात. एका फॉर्ममागं तिला दहा रुपये मिळतात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी किंवा कागल तालुक्यातली बावन्न वर्षांची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. पन्नाशी ओलांडल्याचे ३ गुण. मिसरी रोजची, त्याचे २. कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, आणखी २. वडिलांना साखर होती, पुन्हा २. शेतात राबते म्हणून मेहनतीच्या रकान्यात शून्य. बेरीज ९. चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी बोलवायचं, असा नियम आहे. ती उपकेंद्रात जाते, बोटातून रक्त काढतात, साखर निघते. मेटफॉर्मिनच्या गोळ्या फुकट मिळतात, बीपी असेल तर अम्लोडिपिनही मिळते. इथपर्यंत सगळं ठीक चालतं, आणि पूर्वीच्या मानानं हे पुष्कळ आहे.

राहिली कंबर. ती मोजली, लिहिली, तिचे दोन गुण धरले. पण तिच्यावर देण्यासाठी सरकारी कपाटात काही नाही. ‘वजन कमी करा’ एवढं सांगून बाईला घरी पाठवतात. ‘वजनाचं ऱ्हाऊ द्या डॉक्टर, गुडघ्याचं बघा’ असं म्हणणाऱ्या बायका कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात भेटतील. गुडघा आणि वजन यांचा संबंध त्यांना कळत नाही असं नाही. सांगून वजन उतरत नाही, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

२०२५ मध्ये मात्र ‘देण्यासाठी काही नाही’ हे वाक्य निम्मं खोटं ठरलं. २० मार्च २०२५ ला एली लिली कंपनीनं ‘माउंजारो’ भारतात आणलं. औषधाचं नाव टिर्झेपाटाइड. २४ जूनला नोव्हो नॉर्डिस्कचं ‘वेगोव्ही’ आलं, त्यातलं औषध सेमाग्लुटाइड. दोन्ही आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याची गती कमी करतं आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देतं. शरीरातलं हे संप्रेरक मिनिटांत विरून जातं, औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते. टिर्झेपाटाइड आणखी एका संप्रेरकाची नक्कल करतं. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत २० टक्क्यांहून थोडं जास्त. ऐंशी किलोची व्यक्ती बारा ते सोळा किलोंनी हलकी होते, असा त्याचा अर्थ. आजवर वजनाच्या नावानं जी चूर्णं, चहा आणि पट्टे विकले गेले त्यांच्या पंगतीत या औषधांना बसवू नये. ही खरंच काम करतात.

आता किंमत. माउंजारोचं टोचायचं पेन ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. सुरुवातीच्या सर्वांत लहान मात्रेला महिन्याला १४,००० रुपये, त्याच्या वरच्या मात्रेला १७,५००, सर्वांत मोठीला २७,५०० असा तेव्हाचा भाव होता. वेगोव्ही बाजारात आलं तेव्हा १७,३४५ पासून २६,०१५ पर्यंत होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण एवढ्या किमतीपुढं तो दिलासा नावापुरताच. १४,००० च्या भावानं लहान मात्रा धरली तरी वर्षाला १ लाख ६८ हजार होत होते, आणि लहान मात्रेवर कुणी थांबत नाही. ती फक्त अंगाला सवय व्हावी म्हणून असते.

म्हणजे त्या भावात कोल्हापुरात हे औषध कुणाला मिळत होतं, तर राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात गाडी लावून तज्ज्ञाकडं जाणाऱ्याला. सीपीआरच्या रांगेत उभ्या असलेल्याला नाही. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय; त्याची जुनी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल’ म्हणून उभी राहिली. आज ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कोल्हापूरच नव्हे, तर कोकणातून आणि सीमेपलीकडच्या गावांतूनही माणसं इथं येतात. फाटकाबाहेर आलं की औषधांची दुकानं आहेत. आत जे मिळत नाही त्याची चिठ्ठी घेऊन माणसं तिथं जातात. मलम, सलाईन, अँटिबायोटिक अशी चिठ्ठी नातेवाईक कशीबशी भागवतात. चौदा हजारांची चिठ्ठी डॉक्टर लिहीतच नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

सरकार हे औषध का देत नाही, याचं कागदावरचं उत्तर सोपं आहे. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधं आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेनेलिग्लिप्टिन, इन्सुलिन आहे. जीएलपी-१ गटातलं एकही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं छत्र १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला पाच लाखांचं झालं. पण ही योजना रुग्णालयात भरती झालेल्या माणसासाठी आहे. दर आठवड्याला घरी टोचायच्या इंजेक्शनला तिच्यात जागा नाही. याच योजनेतून अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं. सेमाग्लुटाइडच्या ‘फ्लो’ या चाचणीत मधुमेहामुळं मूत्रपिंड खराब झालेल्या ३,५३३ जणांना घेतलं होतं. औषध घेणाऱ्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचे आणि हृदय-मूत्रपिंडाच्या विकारानं मृत्यूचे प्रसंग मिळून २४ टक्क्यांनी कमी दिसले. ‘सिलेक्ट’ या दुसऱ्या चाचणीत मधुमेह नसलेले, पण वजन जास्त आणि हृदयविकार झालेले १७,६०४ जण होते. त्यांच्यात हृदयाचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंड गेल्यावर सरकार आठवड्याला दोन-तीन डायलिसिसचे पैसे भरतं आणि ते लांबवू शकणाऱ्या औषधाला हात लावत नाही. हिशेबाच्या वहीत हे दोन खर्च वेगवेगळ्या पानांवर पडतात, म्हणून कुणाला खटकत नाही.

मला इथं एक गोष्ट स्पष्ट मांडायची आहे. ‘वजन कमी करण्याचं औषध सरकारनं फुकट द्यावं’ असं म्हटलं की लोक हसतात, आणि त्यांचं हसणं मी समजू शकतो. लग्नात उठून दिसावं म्हणून सहा किलो उतरवणाऱ्याचं बिल करदात्यांनी का भरावं? पण ही मागणी मुळातच चुकीच्या नावानं मांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ सप्टेंबर २०२५ ला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड आणि त्यांची दोन भावंडं घातली, ती सरसकट लठ्ठपणासाठी नाही. टाइप-२ मधुमेह, सोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार, आणि त्यावर लठ्ठपणा, अशा तिहेरी अडचणीतल्या माणसांसाठी. सीपीआरच्या मेडिसिन विभागात अशी माणसं शोधायला जावं लागत नाही, ती रोज समोर बसलेली असतात. कोल्हापुरात हे औषध आलं तर ते याच दारानं यावं: आधी मधुमेहाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या ओपीडीतून. वजन हा त्या माणसाच्या केसपेपरवरचा एक आकडा असावा, औषध मिळण्याचं एकमेव कारण नव्हे.

रांगेत आधी कुणाला घ्यायचं हे ठरवायची लाज वाटायला नको. इंग्लंडसारख्या देशाची सरकारी आरोग्यसेवासुद्धा तेच करते. तिथं जून २०२५ पासून फॅमिली डॉक्टरांमार्फत टिर्झेपाटाइड द्यायला सुरुवात झाली, पण पहिल्या तीन वर्षांत साधारण २ लाख २० हजार लोकांनाच. पहिल्या वर्षासाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) किमान ४० आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, घोरण्याचा आजार, चरबीचा विकार या पाचांपैकी चार आजार अशी अट होती. आपल्या वंशाच्या लोकांसाठी ही रेषा अडीचनं खाली घेतली आहे.

ती रेषा इथं जशीच्या तशी आणली तर कोल्हापुरात फारच थोडे बसतील. पाच फूट उंचीच्या बाईचा बीएमआय ४० व्हायला वजन ९२ किलोंवर जावं लागतं. आपल्या आशाताईच्या फॉर्ममधली बाई ६३ किलोंची असेल. दिसायला लठ्ठ वाटणारही नाही. बीएमआय २७, पण कंबर ९२ सेंटिमीटर, साखर वाढलेली आणि यकृतात चरबी. याचा छडा लावण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव जगभर घेतलं जातं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. हातपाय बारीक आणि आत चरबी साठलेली, हा आपला सर्वसाधारण घाट. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. अडीच किलोंचं बाळसुद्धा जन्मतःच असं ‘आतून जाड’ असतं, हे त्यातून पुढं आलं. म्हणूनच आपल्याकडं बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात. औषधांच्या परवान्यात मात्र ३०, किंवा जोडीला आजार असेल तर २७, हीच रेषा आहे. सरकारी नियम करताना टेप हातात असलेल्या आशाताईला विचारलं तर ती सांगेल की वजनकाट्यापेक्षा कंबर जास्त बोलते.

स्नायूंचा प्रश्नही यातूनच येतो. या औषधांनी जे वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, साधारण पाव हिस्सा आणि कधी त्याहून जास्त. ज्यांचे स्नायू मुळातच कमी, त्यांनी ते गमावणं धोक्याचं. भूक मेलेली बाई आधी काय सोडते? उसळ आणि अंडं. भाकरी-आमटीवर दिवस काढते. म्हणून आहार सांगणारं माणूस आणि थोडा व्यायाम करून घेणारं माणूस सोबत नसेल, तर हे औषध वाटणं म्हणजे अर्धवट काम. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ या तक्रारी नेहमीच्या. क्वचित पित्ताचे खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. पोट दुखतंय म्हणून रात्री दोनला गाडी करून यायचं कुठं, हे आधी ठरलेलं हवं.

कोल्हापूर आणि खाणं यावर लिहायचा मोह होतोच. मिसळीवर, तांबड्या-पांढऱ्यावर खापर फोडलं की लेख खमंग होतो. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. तांबडा-पांढरा रोज कोण खातं? या गावानं शरीर नेहमीच मिरवलं. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तालमी पोसल्या. गंगावेशीत आजही समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासातून उभ्या उभ्या पितात. ते दूध हजार-दोन हजार जोर-बैठका काढणाऱ्यासाठी होतं. पैलवानकी सुटते, खुराक सुटत नाही, हे तालमीतली म्हातारी माणसं स्वतःच सांगतात. भारदस्त देहाला इथं मान आहे, बारीक माणसाला ‘काय, आजारी हायस काय?’ असं विचारतात. जड शरीर हा आजार असू शकतो, हे मान्य करायला इथं दुसरीकडच्यापेक्षा थोडं जास्त जड जातं, इतकंच.

सरकारनं स्थूलपणाकडं पाहिलंच नाही असंही नाही. काही वर्षांपूर्वी वैद्यकीय शिक्षण विभागानं डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना स्थूलपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं होतं. दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, हा त्यांचा सल्ला घराघरांत पोहोचला. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये आणि लाल किल्ल्यावरूनही तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. या सगळ्यात एक सोय आहे: सरकारला खर्च शून्य. कमी खा हे बरोबरच आहे, पण ज्याचं मूत्रपिंड निम्मं गेलं आहे त्याला फक्त तेवढंच सांगणं याला उपचार म्हणत नाहीत.

आता पैशाचा खरा मुद्दा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. शंभरातल्या एकालाच औषध द्यायचं म्हटलं तरी साधारण ३८,७६० माणसं होतात. महिना १४,००० नं वर्षाला ६५१ कोटी. एका जिल्ह्याला, एका औषधावर. हे अशक्य आहे, चर्चा संपली. पण महिन्याला २,००० रुपये पडले तर हाच आकडा ९३ कोटी होतो. आणि शंभरात एकाऐवजी, मूत्रपिंड आणि हृदय धोक्यात असलेले पहिले दोन हजार निवडले तर ४ कोटी ८० लाख. ही रक्कम सरकारला परवडण्यासारखी आहे.

दोन हजार हा आकडा मी हवेतून आणला नाही, मधुमेहाच्या औषधांचा अलीकडचा इतिहास बघून धरला. सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं आणि सप्टेंबरमध्ये ते जनऔषधी केंद्रांत दहा गोळ्यांना ६० रुपयांनी आलं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये गेलं. साठ रुपयांच्या घरातली गोळी काही कंपन्यांनी सहा रुपयांच्या आत आणली. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतच होतं. देशी कंपन्या आधीपासूनच रांगेत होत्या. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजनं तर ८७ देशांत ते विकायची तयारी जाहीर केली होती. इंजेक्शन बनवणं गोळीइतकं सोपं नाही. पेन, काच आणि शीतसाखळी यांचा खर्च राहतोच, म्हणून भाव दहाव्या हिश्शावर येईल असं मी धरत नाही, चौदा हजारांच्या सातव्या हिश्शावर धरतो. टिर्झेपाटाइड मात्र अजून बरीच वर्षं पेटंटखाली राहील.

औषध स्वस्त झालं की सरकारी दवाखान्यात आपोआप येतं, असा समज असेल तर एचआयव्हीचा इतिहास आठवावा. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. तोवर त्याला दहा हजारांवर डॉलर पडत होते. सांगली-कोल्हापूरचा पट्टा त्या काळात या आजारानं होरपळत होता. तरी देशात सरकारी फुकट उपचार सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडलं. आधी सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेल्यांनाच औषध मिळायचं, ही रेषा हळूहळू वर सरकली आणि २०१७ मध्ये निदान झालेल्या सर्वांसाठी दार उघडलं. २००१ ते २००४ ही तीन वर्षं किमतीमुळं गेली नाहीत, ठरवण्यात गेली. पण एकदा ठरल्यावर रेषा आखली, ती लिहून ठेवली आणि पाळली. खिसा पाहून नव्हे, रक्ताचा रिपोर्ट पाहून औषध दिलं.

आता या औषधाचं ठरवायचं तर ठरवणारे कोण? इथं कोल्हापूरची गोष्ट बाकी जिल्ह्यांपेक्षा वेगळी होते. राज्याचे सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर राधानगरीचे, जिल्ह्याचे पालकमंत्रीही तेच. वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ कागलचे. आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय हे आबिटकरांच्या खात्याचं. सीपीआर आणि शेंडा पार्कात होऊ घातलेलं ११०० खाटांचं रुग्णालय मुश्रीफांच्या खात्याचं. टेप एका खात्याची, तज्ज्ञ डॉक्टर दुसऱ्या खात्याचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. ९ गुणांची बाई बावड्यात गेली तर एक नियम, काही किलोमीटरवर सीपीआरला गेली तर दुसरा. इतर जिल्ह्यांत याला ‘मुंबईवाल्यांचं चाललंय’ म्हणून सोडून देता येतं. इथं दोन्ही सह्या एकाच जिल्ह्यातल्या आहेत.

प्रत्यक्ष वाटपात बारीक अडचणी बऱ्याच आहेत आणि त्यातली एक फ्रिजची. हे पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या तापमानाचं कपाट असतं, ‘आयएलआर’ म्हणतात त्याला. पण ते फक्त लसींसाठी. दुसरं औषध त्यात ठेवायचं नाही, असा सक्त नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणजे वेगळा फ्रिज, त्याला वीज, नोंदवही आणि सुट्टीच्या दिवशी तापमान बघणारं कुणीतरी. सुरुवात सीपीआर, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय आणि गडहिंग्लज अशा दोन-तीन ठिकाणीच करावी, असं मला म्हणूनच वाटतं.

त्याहून मोठी अडचण खंडाची. हे औषध चार-चार आठवड्यांनी मात्रा वाढवत न्यायचं असतं. मध्ये काही आठवडे चुकले तर पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरुवात करावी लागू शकते, नाहीतर उलट्यांनी माणूस बेजार होतो. आणि बंदच केलं तर? सेमाग्लुटाइडच्या चाचणीनंतर औषध थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन-तृतीयांश परत आलं. रक्तदाबाच्या गोळीसारखंच हे चालू ठेवायचं औषध आहे. सरकारी दवाखान्यात ‘औषध शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य किती सहज ऐकू येतं, ते सांगायला नको. मेटफॉर्मिन संपलं तर माणूस बाहेरून वीस-तीस रुपयांची पट्टी घेतो. पेन संपलं तर तो काय घेणार? म्हणून दोन हजारांना सुरू करून पाचशेंना अखंड देता येणार असेल, तर सरळ पाचशेच घ्यावेत.

राज्यात औषध खरेदीसाठी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. यादीत नाव असेल, किती लागेल याची मागणी असेल, तरच निविदा निघते. सेमाग्लुटाइडची मागणी कोणत्याही जिल्ह्यानं नोंदवायची तर आकडा हवा: मधुमेह, कंबर ठरावीक मापाच्या वर आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेली माणसं किती? कंबर आणि वय आशाताईच्या फॉर्मात आहे. साखर उपकेंद्राच्या नोंदीत आहे. क्रिएटिनिन आणि इको, म्हणजे मूत्रपिंडाची आणि हृदयाची तपासणी, सीपीआरच्या कागदांत आहे. हे तीन कागद एका माणसाच्या नावाखाली अजून कुठं एकत्र येत नाहीत. ते जुळवायला ना पेटंट संपावं लागतं, ना कंपनीनं भाव उतरवावा लागतो. दोन खात्यांनी एक बैठक घेऊन राधानगरी आणि कागल या दोन तालुक्यांपासून सुरुवात केली, तर तो आकडा हातात येईल.